निदान पक्कं नाही आणि पोरगं आवरत नाही: गावात राहून काय काय करता येतं

पोरगं मारतं, चावतं, डोकं भिंतीवर आपटतं, शाळेतून रोज तक्रार येते, आणि डॉक्टरला विचारावं तर एक म्हणतो ऑटिझम (लोकांत मिसळणं, बोलणं वेगळं असणं) वाटतंय, दुसरा म्हणतो एडीएचडी (लक्ष न लागणं, फार चंचल असणं) असेल, तिसरा म्हणतो बुद्धीची टेस्ट करून घ्या, आणि कोणी म्हणतं काही नाही हो, मोठा झाला की होईल बरोबर. मग घरातले सगळे वाट पाहत बसतात, की एकदा आजाराचं नाव कळू दे, मग काय करायचं ते करू. माझं सगळ्यात आधी हेच सांगणं आहे की नावासाठी थांबू नका. नावाचा शोध चालू ठेवायचा, तो सोडायचा नाही, पण वागण्यावरचं काम आज संध्याकाळपासून सुरू करता येतं, कारण उद्या ऑटिझम निघो की एडीएचडी निघो, घरातली सुरुवातीची कामं जवळपास सारखीच असतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, घरी कापूस-सोयाबीनची शेती, मुलगा तिसरीत आहे आणि त्याच्या फायलीत वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी नावं लिहिलेली आहेत, काहींच्या पुढे प्रश्नचिन्ह आहे. खाली लिहिलंय ते आमच्यासारख्यांसाठी, जिथं थेरपी सेंटर गावात नाही, तालुक्यालाही नाही, आणि रोज नागपूरला जाणं कोणाच्या बापाला परवडत नाही.

निदान लटकतं कशामुळं

ऑटिझम किंवा एडीएचडी रक्ताच्या टेस्टमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्येही दिसत नाही. डॉक्टर लेकराला पाहतात, आईबापाला विचारतात, काही मोजपट्ट्या लावतात आणि मग ठरवतात. आता ओपीडीत पंधरा मिनिटं, बाहेर गर्दी, लेकरू घाबरून कोपऱ्यात किंवा टेबलावर चढलेलं, त्यात नेमकं काय दिसणार. शिवाय हे आजार एकमेकांत मिसळलेले असतात. एकाच लेकरात ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही असू शकतात, बोलणं उशिरा आल्यामुळं चिडचिड असू शकते, वाचता येत नाही म्हणून वर्गात दंगा असू शकतो. एडीएचडी म्हणायला लक्षणं घरी आणि शाळेत दोन्हीकडे, निदान ६ महिने, आणि १२ वर्षांच्या आधीपासून दिसायला लागतात, म्हणून चार वर्षांच्या पोराबद्दल चांगला डॉक्टरही लगेच शिक्का मारत नाही. ५ वर्षांच्या आत बुद्धीचं माप पक्कं घेता येत नाही, तेव्हा कागदावर "ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले" असं लिहितात, म्हणजे वाढ उशिरा होतेय, पुढं पाहू. कागदावर "प्रोव्हिजनल" लिहिलं असेल तर ते तात्पुरतं, आणि "रुल आउट" लिहिलं असेल तर हा आजार आहे असं नाही, हा आहे का नाही ते तपासायचं बाकी आहे. बरेच लोक "रुल आउट ऑटिझम" वाचून घरी येऊन रडत बसतात, म्हणून हे सांगतेय.

पण "थांबून पाहू" हे सगळ्यांना लागू नाही. आधी येत असलेले शब्द गेले, नावानं हाक मारली तर लेकरू वळतच नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, किंवा झटके येतात, तर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

आधी अंग तपासून घ्या

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथंच आपल्याकडे सगळ्यात जास्त सुटतं. वागणं बिघडलं की सगळे डोक्याचा विचार करतात, कान, दात, पोट, रक्त कोणी पाहत नाही. आणि बोलता न येणारं लेकरू दुखणं सांगणार कसं, ते मारूनच सांगणार.

कान पहिला. हाकेला ओ देत नाही म्हणजे ऑटिझमच असं नाही, ऐकू कमी येत असेल. मोठं लेकरू सांगितलं तसं ऐकून हात वर करतं, पण लहान किंवा सहकार्य न करणाऱ्याची बेरा टेस्ट करतात, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते तिच्यात कळतं, आणि ती झोपेत होते. म्हणून त्या दिवशी त्याला पहाटे लवकर उठवा, प्रवासात झोपू देऊ नका, तिथं गेल्यावर खाऊ घालून झोपवा, नाहीतर अर्धा दिवस वाया जातो आणि पुन्हा नवीन तारीख. डोळेही तपासा, फळ्यावरचं दिसत नसलं तर पोरगं वर्गात काय करणार.

मग रक्त. एचबी कमी असेल तर लेकरू किरकिर करतं, रात्री नीट झोपत नाही, माती, खडू, भिंतीचे पोपडे खातं. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होतात तो आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात तर आहेच, आपल्याकडेही आहे. सिकलसेलच्या लेकराला हाडं दुखतात, ते रडतं, हात लावू देत नाही, शाळेत जात नाही, लोक म्हणतात नाटकं करते. काही लेकरांच्या मेंदूच्या छोट्या भागाला रक्त न पोचून बाहेरून काही न दिसता इजा होऊन जाते आणि मग लक्ष लागणं, शिकणं कमी होतं. सोल्युबिलिटी टेस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की टेस्ट, तिला एचपीएलसी म्हणतात. घरात कोणाला सिकलसेल असेल तर हे डॉक्टरला स्वतःहून सांगा, विचारायची वाट पाहू नका.

थायरॉइडची टेस्ट करायची का ते डॉक्टरला विचारून पहा. शौचाला कडक होणं, चार-चार दिवस न होणं, हे फार मोठं कारण असतं आणि फार सोपं असतं. किडलेली दाढ. रात्री घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं, अशानं झोप पुरी होत नाही आणि दिवसभर पोरगं भिंगरीसारखं फिरतं.

झटके. सगळेच झटके हातपाय ताठ होणारे नसतात. बोलता बोलता काही सेकंद टक लावून थांबतं, हाक मारली तरी भानावर येत नाही आणि मग जसं काही झालंच नाही, हेही झटके असू शकतात, त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख काढतात. आणि एक गोष्ट, ज्यांचं लेकरू झटक्यांसाठी फिनोबार्बिटोनच्या गोळ्या घेतंय त्यांनी नीट ऐका. या औषधानं काही लेकरं जास्त चंचल, जास्त चिडकी होतात. वागणं औषध सुरू झाल्यावर बिघडलं का ते आठवा, तारखा घेऊन डॉक्टरकडे जा, पर्याय असतात. पण घरच्या घरी गोळी अजिबात बंद करू नका, एकदम बंद केली तर झटके असे येतात की जीवावर बेतते.

वही

दोनशे पानांची साधी वही घ्या. तीन रकाने पाडा. पहिल्यात "आधी काय चाललं होतं", दुसऱ्यात "पोरानं नेमकं काय केलं", तिसऱ्यात "त्यानंतर आपण काय केलं, त्याला काय मिळालं". वर तारीख, वेळ. दुसऱ्या रकान्यात "त्रास दिला", "वांडपणा केला" असं लिहायचं नाही, "डाव्या हाताला चावला, रक्त नाही, दहा मिनिटं ओरडला" असं लिहायचं. लिहिता येत नसेल तर मोठ्या पोरीला सांगा, नाहीतर मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा.

आमच्या वहीतलं सांगते. संध्याकाळी तो हात चावायचा, ताट फेकायचा. सासूबाई म्हणायच्या दिवे लागणीच्या वेळी बाहेरचं लागते, नवरा म्हणायचा भाजी आवडत नाही. वहीत लिहायला लागल्यावर दिसलं की रोज होत नाही, आणि ज्या दिवशी होतं त्या दिवशी वेळ मागंपुढं सरकते. मग पहिल्या रकान्यात मी लाईन कधी आली ते पण लिहायला लागले, कारण लाईन आली की सगळ्या गावाची धावपळ सुरू होते. तिथंच सापडलं. लाईन आली की शेजारची चक्की सुरू व्हायची, पट्ट्याचा तो घर्र आवाज भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात यायचा, आणि तो तेव्हा तिथंच जेवायला बसलेला असायचा. चक्की बंद असली की भाजी कोणतीही असो, जेवायचा. आम्ही त्याचं जेवण मागच्या अंगणात नेलं, आणि लाईन आली की चक्की सुरू व्हायच्या आधीच त्याला सांगायचं, "चक्की चालू होते आता, आपण मागं जाऊ." सगळं बंद झालं असं नाही, पण ताट फेकणं खूप कमी झालं. हे आम्हाला कोणत्याच टेस्टमध्ये कळलं नसतं.

दोन-तीन आठवडे लिहिलं की बहुतेक वेळा चारपैकी एक कारण दिसतं. काहीतरी हवंय म्हणून करतो, काहीतरी टाळायचंय म्हणून करतो, कोणीतरी पाहावं म्हणून करतो, किंवा अंगाला काहीतरी सहन होत नाही किंवा हवंहवंसं वाटतं म्हणून करतो. एकच वागणं, जसं मारणं, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कारणानं असू शकतं, म्हणून तिसरा रकाना महत्त्वाचा. अभ्यासाला बसवलं की मारतो आणि मारलं की आपण म्हणतो जा बाबा तिकडं खेळ, तर मारणं त्याच्यासाठी कामाचं ठरलं. आबाजी मोबाईल देतात तेव्हाच रडणं थांबतं, तर रडणं कामाचं ठरलं. यात लेकराचा डाव नाही, आणि आबाजींचा दोष नाही, कोणतंही माणूस जे चालतं तेच पुन्हा करतं.

मग काय बदलायचं

कारण कळलं की तीच गरज सोप्या रस्त्यानं भागवायला शिकवायचं. टाळायचंय तर "बस झालं" म्हणायला किंवा हात आडवा करायला शिकवा, आणि सुरुवातीला प्रत्येक वेळी माना, दोन मिनिटं सुट्टी द्या, मग परत बसवा. हवंय तर बोट दाखवायला, हात धरून न्यायला, चित्र आणून द्यायला शिकवा. बोलणं येत नाही म्हणून चित्र दाखवलं तर बोलणं येणारच नाही असं लोक म्हणतात, तसं होत नाही, उलट चिडचिड कमी होते आणि बोलायला मदतच होते.

चित्रांसाठी काही विकत आणायला नको. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर दिवसाचा क्रम काढा: उठणं, आंघोळ, चहा-टोस, शाळा, जेवण, खेळ, झोप. झालं की त्यावर खूण. जिथं रोज भांडण होतं तिथं "आधी हे, मग ते" अशी दोनच चित्रं लावा, आधी आंघोळ, मग सायकल. आणि सायकल द्यायचीच, आंघोळ झाल्यावर "आता उशीर झाला" म्हटलं तर उद्या तो तुमचं ऐकणार नाही आणि बरोबरच आहे त्याचं.

सूचना एका वेळी एकच. जवळ जाऊन, त्याच्या उंचीवर बसून, "चप्पल घाल", आणि मग दहापर्यंत मनात मोजायचं, कारण काही लेकरांना ऐकलेलं समजायला वेळ लागतो. चुलीपासून ओरडून "अरे चप्पल घाल, दप्तर घे, डबा घेतला का, काहून उभा राहिला तसाच" हे चार हुकूम झाले, त्याच्या कानात एकही गेला नाही.

चांगलं केलं की लगेच आणि नेमकं बोला. "शहाणा माझा" यापेक्षा "तू बहिणीला न मारता खेळणं मागितलं, छान केलं". आपल्याकडे लेकरू गप्प खेळत असलं की कोणी बोलत नाही, सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि दंगा केला की सगळं घर गोळा होतं. हे उलटं करायचं.

जी वागणूक फक्त लक्ष वेधायला आहे आणि धोक्याची नाही, तिच्याकडं पाहायचं नाही. पण आधीच सांगते, पाहणं बंद केलं की सुरुवातीला ती वाढते. जे आधी पाच मिनिटं ओरडायचं ते वीस मिनिटं ओरडतं. इथंच सगळे हार मानतात, आणि विसाव्या मिनिटाला मोबाईल दिला तर तो हेच शिकतो की वीस मिनिटं ओरडावं लागतं. म्हणून घरातल्या सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय हे सुरूच करू नका.

मार देऊ नका. मारल्यानं तेवढ्यापुरतं थांबतं, पण आपल्यापेक्षा लहान असेल त्याला मारायचं हे तो शिकतो, आणि जे पोरगं आठव्या वर्षी तुमच्या हाताला घाबरतं ते पंधराव्या वर्षी तुमच्यापेक्षा ताकदवान असतं.

हंगामाचं वेगळं बघावं लागतं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं, पाठोपाठ वेचणी, माय सकाळपासून वावरात, लेकरू कधी आजीकडे कधी शेजारी, जेवणाची वेळ बिघडते, आणि तेव्हाच ही पोरं सगळ्यात जास्त बिघडतात. हे टाळता येत नाही, पण आधीपासून एकच माणूस ठरवा, एकच घर ठरवा, आणि माय कधी येणार त्याचं चित्र काढून द्या. मे महिन्यात ४५ अंशात, पंखा बंद, कोणतंही लेकरू चिडतं, त्या दिवसांत नवीन काही शिकवायला घेऊ नका. पोळा, लग्नाचा डीजे, फटाके, याला त्याला ओढत न्यायची गरज नाही. तान्हा पोळ्याला माझा गर्दीच्या आधीच आपला लाकडी बैल घेऊन देवळापाशी जाऊन येतो, तेवढं त्याला झेपतं.

मोबाईलबद्दल एवढंच, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या आत अजिबात नको आणि २ ते ४ वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. मोबाईलमुळंच सगळं झालं असं म्हणून आईला बोल लावणारे पुष्कळ भेटतील. कमी करा, पण तपासणी त्यासाठी थांबवू नका.

भडका उडतो तेव्हा

हट्ट आणि भडका यात फरक आहे. हट्टात लेकरू मधूनमधून तुमच्याकडं पाहतं आणि वस्तू मिळाली की थांबतं. भडक्यात वस्तू दिली तरी थांबत नाही, त्याच्या हातात काही उरलेलंच नसतं. तेव्हा शिकवायचं नाही, विचारायचं नाही, "काय झालं, काय झालं" करायचं नाही. विळा, पाट, दगड, गरम भांडं बाजूला. बाकी लेकरांना बाहेर पाठवा. आवाज कमी, उजेड कमी, एकच माणूस जवळ, बाकीचे लांब. स्वतःला किंवा दुसऱ्याला खरंच इजा होत असेल तरच धरायचं, तेही तोंड आणि छाती न दाबता, आणि लगेच सोडायचं. डोकं आपटत असेल तर मध्ये गोधडी किंवा उशी सरकवा. शांत झालं की पाणी द्या आणि बसू द्या. त्याच वेळी भाषण देऊ नका, तासाभरानं त्याला कळेल अशा दोन वाक्यात बोला.

विहीर, शेततळं, फवारणी

अशी काही लेकरं सांगता न सांगता निघून जातात, आणि बऱ्याच जणांना पाण्याची ओढ असते. शहरातल्या लेखांत दाराला कडी लावा एवढंच असतं, आपल्याकडे त्याहून जास्त आहे. बिनकठड्याची विहीर. शेततळ्याचं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की पोहता येणाऱ्याला पण वर चढता येत नाही, तिथं कुंपण आणि काठावर बांधलेला जाड दोर पाहिजेच. धुऱ्यावरच्या तारेत करंट सोडणारी झटका मशीन, आणि काही जण तर डुकरांसाठी थेट करंट सोडतात, कोणाच्या वावरात आहे ते विचारून ठेवा. फवारणीचं औषध घरात ठेवूच नका, आणि थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच नाही, अशी लेकरं बाटली दिसली की तोंडाला लावतात.

सदऱ्याच्या आत किंवा गळ्यातल्या बिल्ल्यावर मोबाईल नंबर लिहा. स्टँडवरचा टपरीवाला, ऑटोवाले, गुराखी, पोलीस पाटील, या सगळ्यांना त्याचा फोटो दाखवून सांगा की एकटा दिसला तर फोन करा. हरवला तर आधी पाण्याकडं पळा, आणि सोबतच ११२ ला फोन. पोहायला शिकवता आलं तर शिकवा.

कुठं दाखवायचं आणि काय घेऊन जायचं

सुरुवात गावातूनच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, १८ वर्षांपर्यंतच्या लेकरांना पाहतं. आशाताईला, अंगणवाडी सेविकेला विचारा कधी येणार, त्या दिवशी स्वतः हजर राहा, कारण पन्नास पोरांत तुमचं गप्प बसलेलं असलं तर सुटून जाईल. तिथून रेफर चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या डीईआयसीमध्ये जायचं, ते जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ अशी पदं तिथं असतात. सगळी भरलेली असतीलच असं नाही, म्हणून जायच्या आधी फोन करून विचारा की कोण कोणत्या वारी बसतं. त्याच्या पुढं मेडिकल कॉलेज, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाला आहे, नागपूरला मेडिकल, मेयो आणि एम्स, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, म्हणून आमच्याकडे बहुतेक मायच जाते, पण एकदा तरी बापानं सोबत जावं, डॉक्टरचं तोंडून ऐकलं की घरातलं अर्धं भांडण मिटतं.

सोबत एकच फाईल, कागद तारखेनं लावलेले. त्यात वहीतलं एक पान भरेल एवढं सार, शाळेतल्या गुरुजींची चिठ्ठी, जन्माच्या वेळचे कागद: उशिरा रडला का, काचेत ठेवला होता का, कावीळ, मेंदूज्वर झाला होता का. बसायला, चालायला, बोलायला कधी लागला. आणि मोबाईलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ, एक भडक्याचा, एक तो एकटा खेळतानाचा, एक जेवतानाचा. डॉक्टरसमोर पोरगं हमखास शहाण्यासारखं वागतं, तेव्हा व्हिडिओच कामाला येतो. आत गेल्यावर "हा लई त्रास देतो" यानं सुरुवात करू नका. "आठवड्यातून चार-पाचदा चावतो, बहुतेक आवाज झाला की, सहा महिन्यांपासून" असं सांगा. निघताना विचारा: तुम्हाला काय वाटतंय, कशामुळं वाटतंय, अजून काय असू शकतं, घरी एक कोणती गोष्ट करू, परत कधी येऊ.

औषध दिलं तर ते कशासाठी, आजारासाठी की रागासाठी की झोपेसाठी, ते विचारा. ऑटिझम जाईल अशी गोळी नाही, पण खूप मारणं, स्वतःला इजा करणं, झोप न येणं यावर औषधाचा उपयोग होतो, त्यात कमीपणा नाही. रागासाठी, मारण्यासाठी देतात त्या रिस्पेरिडोननं भूक आणि वजन वाढतं, एडीएचडीच्या मिथाइलफेनिडेटनं भूक कमी होते, म्हणून दर वेळी वजन लिहून ठेवा. लहान लेकरात, ६ वर्षांच्या आत, एडीएचडीसाठी आधी आईबापाला शिकवणं हाच पहिला उपाय मानतात. आणि स्टेम सेलनं ऑटिझम बरा होतो म्हणून लाखो रुपये मागणारे भेटतील, त्याला पुरावा नाही, वावर विकू नका.

गावातले लोक

"मायनं लाडावून ठेवलं", "त्याले काही नाही झालं, दोन ठेवून दे", "बाहेरचं पाहून घ्या एकदा". सासूबाईंची देवावर श्रद्धा आहे तर त्यांना नारळ फोडू द्या, त्यावरून घर मोडू नका. पण तीन गोष्टींवर ठाम राहा: लेकराच्या अंगाला चटका, मार, साखळी नाही, अनोळखी जडीबुटी पोटात नाही, आणि चालू औषध बंद नाही. मेळघाटात लेकरांना चटके दिल्याच्या बातम्या अजूनही येतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, कोणी भगत भूत काढतो म्हणून मारहाण करत असेल तर तो गुन्हा आहे.

शाळा

गुरुजींशी भांडायला जाऊ नका, वही घेऊन जा. माझ्या पोराच्या बाबतीत एवढंच ठरवलं: पुढच्या रांगेत, दारापासून लांब, तास संपायच्या आधी एकदा हजेरीचं पुस्तक ऑफिसमध्ये नेऊन द्यायचं काम, म्हणजे पाय मोकळे होतात. शाळा म्हणाली "घरी ठेवा याला", तर शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे आठवीपर्यंत शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहे. तोंडी न ठेवता अर्ज द्या, पोच घ्या. शाळांसाठीच्या समग्र शिक्षा या सरकारी योजनेत समावेशित शिक्षणाचे, म्हणजे अशा लेकरांना बाकीच्यांसोबत शिकवायला मदत करणारे विशेष शिक्षक असतात, पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात त्यांची चौकशी करा.

सर्टिफिकेट

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, वाचा दोष आहेत. एडीएचडी वेगळा म्हणून त्यात नाही, त्यामुळं फक्त तेवढं लिहिलेला कागद घेऊन गेलेले लोक रिकाम्या हातानं परत येतात. अशा वेळी अभ्यासातली अडचण, बोलणं हेही तपासून घ्या. अर्ज ऑनलाइन, यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आणि बहुतेक योजनांना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. लहान लेकराला तात्पुरतं देतात, नंतर परत तपासतात, म्हणजे आयुष्यभराचा ठप्पा बसतो ही भीती नको. ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता पक्की झाली तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात १ लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते.

तुमची झोप

रात्री दोनदा उठणारं पोरगं, पहाटे पाणी भरणं, दिवसभर वावर, आणि वर सगळ्यांचे टोमणे. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी पोराला दुसऱ्या कोणी सांभाळावं, नवऱ्यानं, नणंदेनं, कोणीही, आणि ते ठरवून, उपकार म्हणून नाही. सारखं रडू येत असेल, जगावंसं वाटत नसेल, किंवा लेकरावर हात उगारला जाईल अशी भीती वाटत असेल तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, दिवसरात्र चालतं, मराठीत बोलता येतं. दुसऱ्या लेकरांनाही रोज थोडा वेळ फक्त त्यांचा द्या, ती बिचारी गप्प राहून सगळं सहन करतात.

पुढची तपासणी

सहा महिने ते वर्षानं परत दाखवा, बरं चाललं असलं तरी. लेकरू वाढतं तसं चित्र स्पष्ट होतं, नाव बदलूही शकतं, आणि बदललं तर आधीचा डॉक्टर चुकला असंच नसतं. शाळा बदलताना, आणि मुलगा-मुलगी वयात येताना आधीच जाऊन या, तेव्हा वागणं परत उसळतं. जाताना वहीतले पहिल्या महिन्याचे आणि शेवटच्या महिन्याचे आकडे सोबत न्या: किती वेळा, किती मिनिटं, कशामुळं. नाव काहीही निघालं तरी डॉक्टरला पुढचं औषध, पुढची थेरपी ठरवायला तेच लागतात.